इंजिनावरची पागोळी

लोखंड का गंजते हे शिकवताना तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग आपण सगळेच करतो. पहिल्या नळीत खिळा, पाणी आणि हवा. दुसरीत खिळा, उकळून गार केलेले पाणी आणि त्यावर तेलाचा थर. तिसरीत खिळा, कोरडी हवा आणि कॅल्शियम क्लोराइडचे खडे. काही दिवसांनी पहिल्या नळीतला खिळा तांबूस होतो, बाकीचे दोन चकचकीत राहतात. मग फळ्यावर निष्कर्ष लिहिला जातो, की गंजण्यासाठी पाणी आणि हवा दोन्ही लागतात. प्रयोग चांगला आहे आणि निष्कर्षही बरोबर आहे. पण त्यात एक प्रश्न राहून जातो. पाणी किती लागते, आणि ते किती वेळ तिथे असावे लागते? प्रत्यक्षातल्या यंत्रांचे आयुष्य बरेचसे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. तो प्रश्न समजून घेण्यासाठी आम्ही येथे एक जरा वेगळे उदाहरण घेतले आहे. ते आहे कॅम्पर व्हॅनच्या इंजिनाचा कप्पा.

कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचे छोटे घर. मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यात बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, कपाटे बसवून ती तयार करतात. जर्मनीत फोक्सवागनच्या व्हॅनला असे घराचे रूप देण्याचे काम वेस्टफालिया या कंपनीने १९५१ मध्ये सुरू केले आणि पुढे ही कल्पना युरोपभर पसरली. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, पण अशी वाहने अजून तरी आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसतात. युरोपात मात्र अनेक जोडपी निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशातला मोठा हिस्सा अशा वाहनात घालतात. उन्हाळ्यात काही आठवडे भटकंती करायची आणि उरलेले वर्ष गाडी घरासमोर उभी ठेवायची, अशी तिची दिनचर्या असते.

ही उभी राहण्याची सवयच आपल्या विषयाच्या मुळाशी आहे.

२००६ मध्ये फियाट कंपनीच्या ड्युकॅटो या व्हॅनची नवी पिढी बाजारात आली. युरोपातल्या कॅम्पर बनवणाऱ्यांची ही आवडती व्हॅन. थोड्याच काळात ब्रिटनमधील व इतर ठिकाणच्या कॅम्परमालकांच्या तक्रारी येऊ लागल्या. बॉनेट उघडले की इंजिनावर पाणी साचलेले दिसे, आणि ज्या भागांतून डिझेलचा फवारा सिलिंडरमध्ये सोडला जातो त्या इंजेक्टरांभोवती गंज चढलेला असे. पुढे कंपनीने त्या भागात सुधारणा केल्या. आपल्याला येथे कोणाची चूक काढायची नाही. समोरची काच आणि बॉनेट यांच्या सांध्यातून पाणी आत येणे हा दुखणेकरी प्रकार अनेक बनावटींच्या गाड्यांत आढळतो. ड्युकॅटोचे उदाहरण घेण्याचे कारण एवढेच, की तेथे रचना सहज समजते.

समोरच्या काचेच्या पायथ्याशी, जेथे वायपरच्या दांड्या बसवलेल्या असतात, तेथे प्लास्टिकचा एक लांबट भाग असतो. त्याला आपण काचेखालची पन्हळ म्हणू. कौलारू घराच्या वळचणीला पत्र्याची पन्हळ लावतात, तिचे जे काम तेच हिचे. काचेवरून ओघळणारे पाणी गोळा करायचे आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून खाली जमिनीवर सोडायचे. घराच्या पन्हळीला भोक पडले की पागोळी नको तेथे पडते. येथे ती पडते इंजिनावर, कारण इंजिन नेमके या पन्हळीच्या खाली असते.

पाणी किती येत असेल? एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला तर तो बरोबर एक लिटर भरतो. हे गणित पाचवीच्या मुलांनाही करता येते. काच तिरपी असते. तिचे आडवे क्षेत्र दीड चौरस मीटर धरू. वीस मिलिमीटर पाऊस झाला की तीस लिटर पाणी पन्हळीत येणार. आता गाडी उताराच्या अंगणात नाक खाली करून उभी आहे असे समजा. सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद छपरावर त्याच पावसात २४० लिटर पाणी पडते आणि त्यातले बरेचसे पुढच्या काचेकडे धावते. पन्हळीची रचना करणाऱ्याने हा हिशेब धरला असेलच असे नाही, कारण मालवाहू व्हॅनला कॅम्पर बनवणारा कारखाना वेगळा आणि मूळ व्हॅन बनवणारा वेगळा.

तरीही पन्हळ धड असेल तर तीस लिटर पाणी सहज वाहून जायला हवे. ती गळते याची कारणे दोन. पहिले कारण उष्णतेने होणारे प्रसरण. पन्हळ प्लास्टिकची, काच काचेची आणि खालचा सांगाडा पोलादाचा. एक अंश तापमान वाढले की पोलाद आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढते आणि काच सुमारे ९ भाग. अशा कामासाठी वापरले जाणारे प्लास्टिक मात्र ८० किंवा त्याहूनही अधिक भाग वाढते. पन्हळीची लांबी दीड मीटर आणि हिवाळ्यातल्या रात्रीपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंतचा फरक ४० अंश धरला, तर पोलाद पाऊण मिलिमीटरने वाढते आणि प्लास्टिक जवळजवळ पाच मिलिमीटरने. म्हणजे या दोघांच्या सांध्याला दरवर्षी चार मिलिमीटर पुढेमागे सरकावे लागते. त्या सांध्यात घट्ट वाळणारे काही भरले की ते पहिल्याच ऋतुबदलाला तडकते. रेल्वेच्या रुळांत फट का ठेवत असत, हे शिकवल्यावर विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे.

दुसरे कारण अगदी साधे : पाने. झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीच्या पन्हळीत पाने पडतात, कुजतात, त्यांचा काळा चिखल होतो आणि तो निचऱ्याच्या नळ्यांच्या तोंडाशी बसतो. मग पन्हळीचे टाके होते. पाण्याची पातळी चढते आणि ज्या सांध्यांपर्यंत पाणी कधीच पोहोचायचे नव्हते तेथपर्यंत ते पोहोचते.

पाणी सरळ खाली पडत नाही

पन्हळ गळली तर थेंब भोकाच्या बरोबर खाली पडावा, असे आपल्याला वाटते. पण किटलीतून चहा सावकाश ओतला की तो कपात न पडता तोटीच्या खालच्या अंगाने ओघळतो, हे आपण रोज पाहतो. पृष्ठताण आणि पृष्ठभागाला चिकटण्याचा गुण यांमुळे पाणी पृष्ठभागाच्या खालच्या बाजूनेही प्रवास करते. इंजिनाच्या कप्प्यात तर अशा पृष्ठभागांची गर्दीच असते. नळ्या, वायरींचे जुडगे, पत्र्याच्या कडा. एखादी वायर पन्हळीजवळून निघून उतरत उतरत एखाद्या जोडणीत शिरत असेल, तर थेंब तिच्या अंगाने थेट जोडणीच्या तोंडापर्यंत जातो. घरात विजेची किंवा दूरदर्शनची वायर भिंतीतून आत घेण्यापूर्वी जाणकार माणूस तिला बाहेर खाली एक झोळ देतो. पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन ठिबकते आणि पुढे चढू शकत नाही. गाडीतल्या वायरींनाही हाच झोळ द्यावा.

म्हणून गळती शोधताना ओल जेथे दिसते तेथून वर पाहात बसण्यात अर्थ नसतो. चांगली पद्धत अशी. गार आणि कोरड्या इंजिनावर खडूचा भुगा भुरभुरावा किंवा वर्तमानपत्राचे कागद पसरावेत. एकाने बॉनेटखाली विजेरी घेऊन पाहावे आणि दुसऱ्याने पाणी ओतावे. तेही नळीने नव्हे, तांब्याने आणि सावकाश. सुरुवात सगळ्यात खालच्या जागेपासून करावी. आधी निचऱ्याच्या नळीचे तोंड, मग पन्हळीचा मधला सांधा, मग काचेची खालची कड, शेवटी काचेचा वरचा भाग. प्रत्येक जागी पाच मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम आपण शिकवतो. येथे तो न पाळणाऱ्याला पुन्हा सगळे वाळायची वाट पाहावी लागते.

थेंबाखाली काय घडते

इंजेक्टर हा पोलादाचा सडपातळ भाग इंजिनाच्या माथ्यात एका खोबणीत बसवलेला असतो आणि तो माथा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. दोघांमध्ये केसभर फट. केशाकर्षणाने पाणी त्या फटीत ओढले जाते आणि एकदा गेले की सहज बाहेर येत नाही.

तेथे पुढे काय होते हे वर्गात डोळ्यांनी पाहता येते. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात एक फार सुंदर प्रयोग केला. शंभर मिलिलिटर पाण्यात तीन ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब आणि पोटॅशियम फेरिसायनाइडची चिमूट घाला. पोलादाचा तुकडा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा आणि त्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवा. (फेरिसायनाइडचा आम्लाशी संपर्क येऊ देऊ नये आणि प्रयोगानंतर हात धुवावेत.) थोड्या वेळात थेंबात निळे आणि गुलाबी ठिपके दिसू लागतात आणि मग हळूहळू रंगांची वाटणी होते. मधोमध निळा, कडेला गुलाबी. निळा रंग म्हणजे तेथे लोखंड विरघळून त्याचे आयन होत आहेत. गुलाबी रंग म्हणजे तेथे ऑक्सिजन आणि पाणी यांपासून हायड्रॉक्साइड तयार होत आहे. मधल्या लोखंडाने सोडलेले इलेक्ट्रॉन धातूमधूनच कडेपर्यंत जातात. एक थेंब आणि एक पत्रा मिळून एक विद्युतघट तयार झाला!

या प्रयोगातली खरी गंमत अशी, की लोखंड विरघळते ते ऑक्सिजन जास्त असलेल्या कडेला नव्हे, तर कमी असलेल्या मध्यभागी. परीक्षानळीच्या प्रयोगाने आपल्याला वाटू लागते की जेथे हवा जास्त तेथे गंज जास्त. प्रत्यक्षात भोवती हवा हवीच, पण धातू खाल्ला जातो तो हवेपासून लपलेल्या जागी. थेंबाखाली, कुजक्या पानांच्या चिखलाखाली, बोल्टच्या डोक्याखाली आणि इंजेक्टरच्या फटीत. वरवर पाहून गाडी चांगली वाटते आणि हात लावला की पत्रा पापडासारखा मोडतो, तो यामुळेच.

इंजेक्टरच्या बाबतीत त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असून भोवती खारट पाणी असेल, तर त्यांचाही घट होतो आणि ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी साचते. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट असते. केसभर फटीत हा फुगणारा पदार्थ भरला की इंजेक्टर जागीच पाचर मारल्यासारखा बसतो. पुढे कधी तो काढायची वेळ आली, तर द्रवदाबाची खास ओढयंत्रे लावावी लागतात. तेवढ्याने भागले नाही तर इंजिनाचा अख्खा माथा उतरवावा लागतो. एरवी तासाभरात होणारे काम मग कित्येक दिवसांचे होते.

आता सुरुवातीचा प्रश्न. त्याच सांगाड्याची मालवाहू व्हॅन रोज चालते. तिच्या पन्हळीतूनही पाणी गळत असेल, पण तासाभरात इंजिन ८०-९० अंशांपर्यंत तापते आणि ओल उडून जाते. कॅम्पर मात्र नोव्हेंबरात भिजते आणि मार्चपर्यंत तशीच राहते. म्हणजे पाण्याचे प्रमाण एकच असले तरी ओल टिकण्याचा काळ शेकडो पटींनी वेगळा. धातूंच्या वातावरणीय क्षरणाचा अभ्यास करणारे हा काळ मोजतात. आंतरराष्ट्रीय मानकात त्याची सोपी व्याख्या आहे : वर्षातले जितके तास सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांपेक्षा अधिक आणि तापमान शून्य अंशाच्या वर असते, तितके तास पृष्ठभाग ओला धरायचा. या व्याख्येत पावसाचा उल्लेखही नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पावसाशिवाय ओल कोठून येते? एक वाट दवाची. वीस अंशांच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, दहा अंशांना साधारण साडेनऊच ग्रॅम. थंडगार रात्रीनंतर हवा उबदार होते, पण शे-दोनशे किलो वजनाचे इंजिन दुपारपर्यंत गारच राहते. मग फ्रिजमधल्या बाटलीला घाम सुटतो तसा त्याला सुटतो. दुसरी वाट मिठाची. युरोपात हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि चाकांनी उडवलेले ते खारट पाणी इंजिनाच्या कप्प्यात जाऊन बसते. शुद्ध सोडियम क्लोराइड ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड तर ३०-३५ टक्क्यांनाच. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटलेले पाहणाऱ्या कोकणातल्या वाचकांना हे पटवून द्यायला नको. किनाऱ्याजवळच्या वाहनांचे पत्रे भर उन्हाळ्यातही गंजतात, त्याचे कारण समुद्रावरून येणाऱ्या मिठाचा हाच गुण. म्हणून कॅम्पर उभी करून ठेवण्यापूर्वी इंजिनाचा कप्पा गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुणे हे गळती बंद करण्याइतकेच महत्त्वाचे आहे, असे आमचे मत आहे.

हलक्या हाताने असे म्हणण्याला कारण आहे. अनेकजण दाबाच्या फवाऱ्याने गरम इंजिन धुतात. वायरींच्या जोडण्यांत थोडी हवा कोंडलेली असते. ती ९० अंश सेल्सिअसला, म्हणजे ३६३ केल्व्हिनला आहे असे समजा. गार पाण्याने ती १० अंशांवर, म्हणजे २८३ केल्व्हिनवर आली, की तिचा दाब वातावरणाच्या ७८ टक्केच उरतो. बाहेरच्या पाण्याला आत ढकलणारा हा फरक जोडणी दोन मीटर पाण्यात बुडवल्याइतका आहे. जे रबरी अडसर पावसाला पुरून उरतात ते येथे हरतात. आणि आत गेलेले पाणी वाळत नाही, कारण त्याच अडसराने आता बाहेरची वाट अडवलेली असते. सतत विद्युतदाब असलेल्या जोडणीत तर गाडी बंद असतानाही विद्युतअपघटन चालूच राहते आणि धन बाजूचे तांबे हिरवे होऊन झडते. इंजिन गार असतानाच धुवावे हे बरे.

बुजवावे कसे, आणि किती

सांध्यात भरायला दुकानात सिलिकोनच्या नळ्या मिळतात. त्यांतली स्वस्त जात वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास असेटिक आम्लाचाच असतो आणि उघड्या पोलादाला ते आम्ल गंजवते. गळती थांबली पण बुजवलेल्या जागेखालीच गंज सुरू झाला, असा प्रकार त्यातून घडतो. आम्ल न सोडणारे सिलिकोन मिळते, ते घ्यावे. पन्हळीच्या सरकत्या सांध्याला मात्र कधीच कडक न होणारी ब्यूटिल रबराची चिकट पट्टी अधिक चांगली. स्पंजाची पट्टी लावायची असेल तर बंद छिद्रांची लावावी. चिमटीत दाबून पाण्यात सोडली आणि फुगून जड झाली, तर ती उघड्या छिद्रांची समजावी. तशी पट्टी पाणी अडवण्याऐवजी ते धातूला लावून धरते.

सगळीच भोके बुजवण्याचा मोह टाळायला हवा. सांगाड्यात मुद्दाम ठेवलेली निचऱ्याची भोकेही गळती समजून बंद केली, तर आलेले पाणी जाणार कोठे? इंजिनावर प्लास्टिकचे कापड घट्ट गुंडाळणेही तसेच. दवाचे पाणी त्याखाली अडकते, आणि कापड विसरून गाडी सुरू केली तर आगीची भीती वेगळीच. पाण्याची पागोळी अडवायला इंजेक्टरांच्या वर, त्यांना न टेकणारी, उताराची एक झाकणी पुरते. चारी बाजूंनी वारा खेळता राहिला पाहिजे.

धातूवर लेप द्यायला लोकरीतून निघणारे लॅनोलिन किंवा मेणयुक्त तेल चांगले. फक्त ते रबरी पट्ट्यांवर आणि तापणाऱ्या धुराच्या नळीवर लागू देऊ नये. प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवण्यासाठीच तयार झाला आणि ॲटलस क्षेपणास्त्राचा पातळ पत्रा गंजू नये म्हणून वापरला गेला. ते काम तो अजूनही उत्तम करतो, पण त्याचा थर पातळ असतो आणि हिवाळाभर टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

हिवाळ्यात गाडी आठवड्यातून एकदा पाच मिनिटे सुरू करावी, असा सल्ला बरेचजण देतात. आम्हाला तो पटत नाही. एक लिटर डिझेल जळले की त्यातल्या हायड्रोजनपासून सुमारे एक लिटर पाणी तयार होते. इंजिन नीट तापले तर ते वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांत मात्र धुराच्या नळीत आणि तेलाच्या टाकीत ते जमून राहते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, कोरडी दुपार पाहून, पंचवीस-तीस किलोमीटर गाडी चालवावी. परत आल्यावर बॉनेट अर्धा तास उघडे ठेवावे आणि गाडी शक्य तर नाक वर करून उभी करावी.

झाडांची पाने गळून संपली की पन्हळ हाताने साफ करावी आणि तिच्या मध्यावर दोन तांबे पाणी ओतून गाडीखाली पाहावे. पाणी दोन्ही बाजूंना जवळजवळ एकाच वेळी आणि धारेने पडायला हवे. एका बाजूला उशिरा किंवा थेंबथेंब आले, तर त्या बाजूची नळी बुजत चालली आहे. तिच्यात मऊ नायलॉनची दोरी घालून ती मोकळी करावी. तार घालू नये, तिने नळी फाटते.